छिन्नीचे पाणी, तारेचा ताण

पुणे-नाशिक रस्त्याने मंचर मागे टाकून नारायणगावला आलो, की उजवीकडे खोडदचा रस्ता फुटतो. आठ-दहा किलोमीटर आत गेल्यावर ऊस, कांदा आणि द्राक्षबागांच्या वर एक प्रचंड वाटी दिसू लागते. मग दुसरी, मग तिसरी. लांबून त्या भरीव वाटतात. जवळ जाऊन खाली उभे राहिले, की वाटीतून आरपार आभाळ दिसते, ढग सरकताना दिसतात. प्रत्येक वाटीचा व्यास ४५ मीटर. तिच्या पृष्ठभागात शंभरातले सुमारे सातच भाग पोलाद आहे, बाकी मोकळी हवा. ते पोलाद म्हणजे ०.५५ मिलिमीटर जाडीची, गोधडीच्या दोऱ्याहून फारशी जाड नसलेली तार.

या वाट्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपच्या, म्हणजे जीएमआरटीच्या. अशा ३० आहेत. त्यांनी आकाशात काय पाहिले, याविषयी मराठीत बरेच लिहिले गेले आहे. त्या उभ्या कशाच्या जोरावर आहेत, हे मात्र कोणी फारसे सांगत नाही. माझ्या मते ती गोष्ट तितकीच मोलाची आहे आणि ती सांगायला जुन्नरइतकी योग्य जागा नाही. पोलादाला बळ आणण्याचे माणसाला ठाऊक असलेले दोन्ही जुने मार्ग, आगीचा आणि ओढण्या-पिळण्याचा, या एका तालुक्यात दोन हजार वर्षांच्या अंतराने कामाला लागले आहेत.

सुरुवात आगीपासून करू.

जुन्नर शहराभोवतीच्या डोंगरांत पावणेदोनशेहून अधिक लेणी आहेत. लेण्याद्री, तुळजा, मानमोडी आणि शिवनेरीचे कडे, जिकडे पाहावे तिकडे कोरीव दारे. इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकांत हे काम सुरू झाले आणि पुढे चार-पाचशे वर्षे चालले. नाणेघाटातून वर चढणाऱ्या व्यापाराने इथे पैसा आणला आणि त्या पैशाने डोंगर पोखरले. कोणी काय दिले, हे भिंतींवर लिहून ठेवले आहे. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याच्या नोंदी सापडतात. तिकडे कोकणात कुड्याच्या लेण्यांत कऱ्हाडच्या एका लोखंडाच्या व्यापाऱ्याने दान दिल्याचे कोरले आहे. म्हणजे लोखंड विकून लेणे कोरवून घेण्याइतका पैसा तेव्हा मिळत होता.

त्या काळच्या कारागिरांपुढची अडचण साधी पण कठीण होती. सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, मऊ लोखंडाला दाद देत नाही. दोन-चार घावांत टोक बोथट होते. टोक फार कडक केले, तर काचेसारखे तुटते. पाथरवटाला हवी असते ती टोकाला कडक आणि अंगाने चिवट अशी छिन्नी, आणि अशी छिन्नी तयार होते ती लोहाराच्या भट्टीत. जिथे पाथरवट, तिथे हाकेच्या अंतरावर भाता चालू असणारच. अर्धवट सोडलेल्या लेण्यांच्या भिंतींवर आजही छिन्नीच्या तिरक्या रेघा दिसतात. त्यांतली प्रत्येक रेघ ओढणारे टोक कधी ना कधी भट्टीत जाऊन आलेले असते.

लोहार काय करतो, ते आपल्याकडे अजून पाहायला मिळते. कोळशात टोक लाल होईपर्यंत तापवायचे, ऐरणीवर ठोकून आकार द्यायचा, पुन्हा तापवायचे आणि फक्त टोक पाण्यात बुडवायचे. टोक क्षणात गार आणि कडक होते, मागचे अंग मात्र अजून तापलेले असते. मग लोहार छिन्नी बाहेर काढतो, टोक दगडावर घासून उजळ करतो आणि पाहत राहतो. मागची उष्णता हळूहळू टोकाकडे सरकते आणि चकचकीत धातूवर रंग चढू लागतात. आधी गव्हाळी, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. हवा तो रंग टोकाशी पोहोचला, की छिन्नी पुन्हा पाण्यात. गव्हाळी रंग म्हणजे सुमारे सव्वादोनशे अंश सेल्सिअस, निळा म्हणजे तीनशेच्या आसपास. त्याच्याकडे तापमापक नव्हता, पण रंग वाचता येत होता. फाळ, विळा, कोयता लोहाराकडून ‘पाजवून’ आणायची बोली आपल्या गावांत अजून आहे. पोलादाला पाणी पाजायचे, ते असे.

आत जे घडते ते विज्ञानाला फार उशिरा कळले. लोखंडाचे अणू ठरावीक रचनेत बसलेले असतात आणि त्यांच्यात थोडा कार्बन असतो. तांबडेलाल तापल्यावर ही रचना बदलते आणि तिच्यात कार्बन सहज सामावतो. सावकाश गार केले, तर कार्बन निवांत बाहेर पडतो आणि पोलाद मऊ राहते. एकदम पाण्यात बुडवले, तर त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही. तो आत अडकतो, सगळी रचना ताणली जाते आणि पोलाद कमालीचे कडक पण ठिसूळ होते. या अवस्थेला आडोल्फ मार्टेन्स या जर्मन संशोधकाच्या नावावरून मार्टेन्साइट म्हणतात. पुन्हा थोडे तापवले, की अडकलेला काही कार्बन सुटतो, कडकपणा थोडा उतरतो आणि चिवटपणा परत येतो. लोहाराची सगळी कला या देवाणघेवाणीत आहे. किती कडकपणा सोडायचा आणि किती चिवटपणा घ्यायचा, हे कामावर ठरते.

दुसरा मार्ग सोनाराचा. तोही तितकाच जुना. सोनार जंत्रीच्या छिद्रांतून सोन्या-चांदीची तार ओढतो, एका छिद्रातून दुसऱ्या, जरा बारीक छिद्रात. प्रत्येक ओढीला तार लांब होते, बारीक होते आणि आश्चर्य म्हणजे ताठ होते. तीन-चार ओढींनंतर ती पुढे जायला नकार देते. जोर केला तर तुटते. मग सोनार तिला ताव देतो, ती मऊ पडते आणि पुन्हा ओढता येते. लोखंडाच्या तारेलाही हाच नियम. कुंपणाची तार एकाच जागी दोन-चारदा वाकवून पाहा. वाकलेली जागा आधी हट्टी होते आणि नंतर तुटते.

याचे कारण १९३४ साली तिघांनी वेगवेगळे शोधले: जेफ्री टेलर, एगॉन ओरोवान आणि मायकेल पोलान्यी. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या रांगा कुठे कुठे चुकलेल्या असतात. धातू वाकतो तो या चुकीच्या रेषा सरकत गेल्यामुळे. थंड अवस्थेत धातू ओढला, ठोकला, पिळला, की अशा रेषा असंख्य होतात आणि एकमेकींत अडकतात. सरकायला वाट उरत नाही. बळ वाढते, पण तन्यता, म्हणजे तुटण्याआधी ताणले जाण्याचा गुण, घटते. ताव दिला, की रेषांची गुंतागुंत सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते.

या दोन मार्गांची स्पर्धा आपल्या घरांच्या बांधकामांत मागच्या सव्वाशे-दीडशे वर्षांत खेळली गेली. सॅन फ्रान्सिस्कोत अर्नेस्ट रॅन्सम या बांधकाम करणाऱ्या गृहस्थाने १८८४ साली चौकोनी लोखंडी सळई थंड असतानाच पिळून काँक्रीटमध्ये घालायचे पेटंट घेतले. पिळामुळे सळईची काँक्रीटवरची पकड वाढली आणि बळही वाढले. अशा सळया घातलेला त्याचा छोटा पूल १८८९ साली तिथल्या गोल्डन गेट पार्कमध्ये उभा राहिला. आपल्याकडे १९६० च्या दशकापासून पिळाची सळई, लोकांच्या तोंडी ‘टॉर’, सगळीकडे पोहोचली. कुकडी प्रकल्पातली येडगाव, वडज आणि माणिकडोह ही धरणे उभी राहिली तो काळ याच सळईचा. डिंभे धरणाचे काम सुरू झाले तेही याच काळात.

साधी सळई कायमची ताणायला दर चौरस मिलिमीटरला सुमारे २५० न्यूटन बल लागते, पिळाच्या सळईला ४१५. पोलाद कमी लागले, खर्च वाचला. पण किंमत मोजावी लागली तन्यतेत. प्रमाणकाप्रमाणे साधी सळई तुटण्याआधी निदान २३ टक्के ताणली गेली पाहिजे, पिळाची साडेचौदा टक्के ताणली तरी चालते. रोजच्या वजनाखाली हा फरक जाणवत नाही, भूकंपात जाणवतो. जमीन हलते, तेव्हा इमारतीला वाकून, ताणून, धक्क्याची ताकद पोटात घ्यावी लागते. २००१ सालच्या भूजच्या भूकंपानंतर काँक्रीटच्या इमारतींविषयीची ही काळजी सर्वांच्या तोंडी आली. तोवर नवी सळई बाजारात येऊ लागली होती. बेल्जियममधल्या लिएज इथल्या धातुसंशोधन केंद्रात १९७० च्या दशकात तिची रीत बसवली गेली. लाल तापलेली सळई गिरणीतून बाहेर पडताच तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा करायचा. साल क्षणात कडक होते, गाभा तापलेला राहतो आणि गाभ्यातली उष्णता बाहेर येऊन सालीला ताव देते. आज दुकानावर ‘टीएमटी’ म्हणून मिळते ती हीच. २००८ च्या भारतीय प्रमाणकाने अधिक तन्य सळयांचे वेगळे वर्ग केले. त्यांत ४१५ च्या सळईला १८ टक्के ताण सोसावा लागतो.

टीएमटीची रीत मी पहिल्यांदा वाचली, तेव्हा मला लोहाराची छिन्नी आठवली. बाहेरचे पाण्याने कडक करायचे आणि आतल्या उष्णतेला परत बाहेर येऊ द्यायचे. लेणी कोरणाऱ्यांच्या मागे उभा असलेला लोहार हे हाताने करत होता.

खोडदच्या वाट्यांखालच्या काँक्रीटच्या बुरुजांतही सळया आहेतच. पण बुरुजाच्या वर जे आहे, तिथे सोनाराच्या मार्गाने मोठी झेप घेतली.

ती झेप घेणारे गोविंद स्वरूप १९२९ साली उत्तर प्रदेशातल्या ठाकुरद्वारा इथे जन्मले. अलाहाबादला शिकून ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आले आणि तिथून १९५३ साली ऑस्ट्रेलियात रेडिओ खगोलशास्त्र शिकायला गेले. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्डला रोनाल्ड ब्रेसवेल यांच्याकडे डॉक्टरेट केली. परदेशात काम करणाऱ्या चार भारतीयांनी १९६१ साली मायदेशी रेडिओ खगोलशास्त्राचा गट उभारण्याचा प्रस्ताव पाठवला. त्यांत स्वरूप होते. १९६२ च्या आरंभी होमी भाभांची होकाराची तार गेली आणि १९६३ साली स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या ३२ छोट्या तबकड्या घेऊन त्यांनी १९६५ साली कल्याणला पहिली दुर्बीण मांडली. सूर्याकडून येणाऱ्या रेडिओलहरी ती टिपत असे.

मोठे काम उटीला झाले. तिथल्या डोंगराचा एक उतार जवळजवळ अकरा अंशांचा, म्हणजे त्या जागेच्या अक्षांशाइतका होता. त्यावर उत्तर-दक्षिण पसरलेली पन्हाळीसारखी दुर्बीण उभी केली, की ती पृथ्वीच्या अक्षाला समांतर राहते आणि एकाच अक्षावर फिरवून आकाशातल्या वस्तूमागे तासन्‌तास जाता येते. १९७० साली ती तयार झाली. लांबी ५३० मीटर, रुंदी ३० मीटर. तिच्या पृष्ठभागाला पत्रा नाही. २४ चौकटींवरून स्टेनलेस पोलादाच्या १,१०० तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणल्या आहेत. एकेक तार ५३० मीटर लांब, सगळ्या मिळून ५८३ किलोमीटर होतात. ज्या देशाला परकीय चलन मोजून वापरावे लागत होते, त्या देशाने जगातल्या मोठ्या दुर्बिणींत गणली जाणारी दुर्बीण तारांनी विणली.

नंतरची काही वर्षे एका न झालेल्या कामात गेली. विषुववृत्तावर केनिया किंवा इंडोनेशियात दोन किलोमीटर लांबीची दुर्बीण बांधायची स्वरूप यांची योजना होती. अनेक देशांची साथ लागणार होती, ती जुळली नाही. १९८४ साली त्यांनी ती बाजूला ठेवली आणि भारतातच काय करता येईल, याकडे मन वळवले. आधीचा विचार उटीसारख्याच अनेक पन्हाळ्या पसरण्याचा होता, मग गोल वाट्यांचा आराखडा पुढे आला. मीटरभर लांबीच्या लहरींवर जगात फारसे मोठे यंत्र नव्हते आणि विश्वाच्या आरंभीच्या हायड्रोजनचे संकेत याच लहरींत शोधायचे होते. १९८७ साली सरकारची मंजुरी मिळाली.

जागा शोधताना कसोट्या कडक होत्या. कारखाने आणि शहरे दूर हवीत, कारण त्यांच्या विद्युत-गोंगाटात आकाशाचा क्षीण आवाज बुडतो. पण रस्ता, वीज आणि पुण्यासारखे विद्येचे शहर जवळ हवे. डोंगरांची आड असेल तर उत्तम. पुण्याच्या उत्तरेला ८० किलोमीटरवरचे खोडद या सगळ्यांत बसले. चौदा वाट्या मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौरसात आणि उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन बाहूंवर, शेताशेतांतून लांब पसरलेल्या. टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर.

आता अडचण पाहा. ४५ मीटर व्यासाची वाटी म्हणजे सुमारे १,५९० चौरस मीटर पसारा. तीस वाट्यांचा मिळून जवळपास बारा एकर. एवढा पत्रा वाऱ्यात धरायचा, तर त्यामागे पोलादाचा डोंगर लागतो आणि तो फिरवायला तितकीच अवजड यंत्रे. न्यू मेक्सिकोतल्या प्रसिद्ध व्हेरी लार्ज ॲरेच्या २५ मीटरच्या एकेका तबकडीचे वजन दोनशे टनांहून जास्त आहे. ती फार आखूड लहरीही टिपते, त्यामुळे तिला भरीव आणि काटेकोर असावे लागते, हे खरे. पण त्या मापाने ४५ मीटरच्या तीस वाट्या भारताला परवडल्या नसत्या.

स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या वाटेचे संक्षिप्त नाव ‘स्मार्ट’ पडले: ताणलेली जाळी, दोरांच्या कैचीला बांधलेली. १९९१ साली त्यांनी ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात आराखडा मांडला. टाटा कन्सल्टिंग इंजिनिअर्सने बांधणीचे तपशील ठरवले. वाटीच्या मध्यभागी तुंबा, त्यातून चाकाच्या आऱ्यांसारख्या निघालेल्या नळ्यांच्या १६ वक्र चौकटी. दोन शेजारी चौकटींच्या मध्ये स्टेनलेस पोलादाचे दोर ताणलेले आणि त्या दोरांना जाळी बांधलेली. खाट विणताना सुंभ ओढून बांधतात, तसेच. सुताराची चौकट कितीही चांगली असली, तरी खाटेला बळ येते ते सुंभाच्या ताणाने.

जाळी मध्यभागी दाट, १० मिलिमीटर चौकोनांची, पुढे १५ आणि काठाकडे २०. टिपायची सर्वांत आखूड लहर २१ सेंटिमीटरची, म्हणून दोन सेंटिमीटरचे भोक तिला जवळजवळ भिंतीसारखेच. वारा मात्र त्याच भोकांतून निघून जातो. मी ढोबळ हिशेब करून पाहिला. सात टक्के भरीवपणा आणि ०.५५ मिलिमीटरची तार धरली, तर तीसही वाट्यांच्या जाळीत सहा हजार किलोमीटरच्या आसपास तार आहे आणि एका वाटीची जाळी चारशे किलोच्या आतबाहेर भरते. एका बैलगाडीला जड जाणार नाही एवढे ते वजन. चौकटी आणि बाकी सांगाडा धरून हलणारा भाग ८२ टन आणि तोल सांभाळणारे वजन ३४ टन. ताशी १३३ किलोमीटरचा वारा सोसेल असे हे गणित आहे. वारा ताशी ४० च्या पुढे गेला, की काम थांबवतात आणि पुढे वाढला, तर वाट्या आभाळाकडे तोंड करून स्थिर ठेवतात.

एवढी बारीक तार हे कसे सोसते? ती बनते कशी, तेच उत्तर आहे. स्टेनलेस पोलाद म्हणजे लोखंडात क्रोमियम आणि निकेल मिसळलेला धातू. क्रोमियमच्या ऑक्साइडचा अदृश्य थर त्याला गंजू देत नाही. साधारण साडेपाच मिलिमीटरच्या सळीपासून ०.५५ पर्यंत यायचे, तर जाडी दहा पटीने आणि छेद शंभर पटीने घटतो. एक मीटर सळीची शंभर मीटर तार होते. ही वाट एका ओढीत संपत नाही. एकामागून एक साच्यांतून तार ओढायची आणि ती हट्टाला पेटली, की ताव द्यायचा. सोनाराच्या जंत्रीचीच ही रीत, फक्त कारखान्याच्या मापात. मऊ स्थितीतही अशी एक तार सुमारे १२ किलो वजन पेलते. ताव न देता ओढत नेली, तर बळ दुप्पट-तिप्पट होते.

ताव देण्याची तऱ्हा इथे लोहाराच्या बरोबर उलट असते आणि मला हे सर्वांत विलक्षण वाटते. लोहार तापलेले पोलाद पाण्यात बुडवतो ते कडक करायला. स्टेनलेस तार हजार अंशांच्या वर तापवून झटकन गार करतात, ती मऊ व्हायला. निकेलमुळे तिची गरम अवस्थेतली रचना गार झाल्यावरही टिकते, मार्टेन्साइट होत नाही. उलट सावकाश गार केली, तर कार्बन क्रोमियमला पकडून कणांच्या सीमांवर जाऊन बसतो, तिथले क्रोमियम कमी पडते आणि तिथूनच गंज शिरतो. जुन्नरच्या पावसात ही चूक महागात पडली असती.

जाळीला आणि दोरांना दोन्ही गुण लागतात. ताण दिल्यावर पोलाद जिथून परत मूळ लांबीवर येते ती मर्यादा उंच हवी, नाहीतर एका वादळात जाळी कायमची ढिली पडून वाटीचा आकार बिघडेल. पृष्ठभागाची सरासरी चूक एक सेंटिमीटरच्या आसपास ठेवायची होती, २१ सेंटिमीटरच्या लहरीला तेवढीच चालते. त्याचबरोबर तन्यताही हवी, कारण तार वळवायची, जोडायची, बांधायची, ऊन-थंडीच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे ताणलेली ठेवायची. फक्त बळ पाहिले असते, तर ती जोडापाशी तुटत राहिली असती. फक्त मऊपणा पाहिला असता, तर झोळी झाली असती.

१९९० च्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात खोडदच्या माळावर वाट्या एकेक करून उभ्या राहिल्या. ज्या तालुक्याला द्राक्षे, टोमॅटो आणि शिवजन्मभूमी यांसाठी ओळखत होते, तिथे परदेशी खगोलशास्त्रज्ञ येऊ लागले. स्वरूप यांच्यानंतर ही दुर्बीण चालवणाऱ्या केंद्राची धुरा वाहणारे विजय कपाही १९९९ साली अकाली गेले. ऑक्टोबर २००१ मध्ये रतन टाटा यांच्या हस्ते दुर्बीण जगातल्या सर्व शास्त्रज्ञांसाठी खुली झाली. आज जगातला कोणीही प्रस्ताव पाठवू शकतो आणि गुणवत्तेवर वेळ मिळवू शकतो.

हिशेब मांडायचा, तर आकाशाच्या बाजूने तो भक्कम आहे. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापारेल्ली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत खोडदने ऐकला आणि तो शेवटी तुटला, तेही इथेच कळले. २०१८ साली तोवरची सर्वांत दूरची रेडिओ दीर्घिका या वाट्यांनी शोधली. जून २०२३ मध्ये विश्वभर पसरलेल्या गुरुत्वीय लहरींच्या मंद गुणगुणीचे पुरावे जगातल्या अनेक गटांनी जाहीर केले. त्यांत खोडदहून केलेली पल्सार नावाच्या ताऱ्यांची मोजमापे होती. २०२० साली विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने, आयईईईने, जीएमआरटीला अभियांत्रिकीतला मैलाचा दगड ठरवले. त्याच वर्षी ७ सप्टेंबरला गोविंद स्वरूप पुण्यात वारले.

जमिनीच्या बाजूने हिशेब इतका सरळ नाही. वाट्यांना शांतता हवी आणि शांतता म्हणजे भोवती मोठे उद्योग नकोत. जुन्नर-आंबेगावच्या तरुणांनी चाकणच्या कारखान्यांकडे रोज जायचे आणि आपल्या शिवारात कारखाना येऊ शकत नाही हे ऐकायचे, याचा सल खरा आहे. पुणे-नाशिक निम-अतिजलद रेल्वेचा नारायणगाववरून जाणारा मार्ग दुर्बिणीच्या कारणाने बदलायचे रेल्वे मंत्रालयाने ठरवले, तेव्हा हा सल पुन्हा उफाळून आला. मंचर आणि नारायणगावचा कांदा, टोमॅटो, द्राक्षे गाडीने जायची आशा अनेक वर्षे दाखवली गेली होती. मला दुर्बीण जपायलाच हवी असे वाटते. पण तिच्या शांततेची किंमत ज्यांच्या शेतांत मोजली जाते, त्यांना मोबदला म्हणून दुसरे काय मिळाले, हा प्रश्न विचारणाऱ्यांना विज्ञानविरोधी म्हणणे अन्याय आहे. शेतमाल टिकवण्याच्या सोयी, चांगले रस्ते, रेडिओगोंगाट न करणारे प्रक्रिया उद्योग, हे सरकारला केव्हाही करता आले असते.

दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदचे आवार सगळ्यांसाठी उघडते. गावोगावच्या शाळा आपापली उपकरणे मांडतात, बैलगाडीच्या यात्रेसारखी गर्दी होते. गेल्या दशकात वाट्यांच्या नाभीवरचे संकेतग्राहक, तारजोडण्या, संगणक सगळे नवे बसले. आधी वेगवेगळ्या पाच तुकड्यांत ऐकू येणारी लहरींची पट्टी आता १२० ते १४५० मेगाहर्ट्झपर्यंत जवळजवळ सलग ऐकू येते. वाट्या मात्र त्याच आहेत, त्याच सोळा चौकटी आणि दोरांच्या ताणावर उभी राहिलेली तीच जाळीची रचना. त्या दिवशी एखाद्या वाटीखाली उभे राहून वर पाहिले, तर मुलांना पहिल्यांदा दिसते ते आभाळ आणि डोळे बारीक केल्यावर त्यावर आखलेले चौकोन.